भेटीचं पान

ता. ४ जानेवारी

प्रिय ताई,
सप्रेम सलाम.

फोनवर तुला आता डाव्या कानानेही ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलायचा कंटाळा, म्हणून पुन्हा कागदाला शरण आलोय. बरंच झालं. कागद मधेच "काय म्हणालास?" असं विचारत नाही.

बातमी अशी की आमच्या चर्चच्या मंडळीत नवे पाळक आलेत आणि मला त्यांचा भरवसा वाटत नाही. माणूस चाळिशीचा, किडकिडीत, बूट झिजलेले, बोलणं मऊ. एवढ्यावरून संशय घेऊ नये हे मला कळतं. पण वरच्या खिशात एक निळी वही असते. उपासना संपली की दाराशी उभे राहून सगळ्यांचे हात हातात घेतात आणि आपण पायऱ्या उतरलो की वहीत काहीतरी लिहितात. मी दोनदा मागे वळून पाहिलंय. आमच्यातले दंतवैद्य म्हणाले, "मास्तर, हजेरी लागतेय आपली. जन्मभर मुलांची घेतलीत, आता भोगा!"

परवा आम्हा पंचांची सभा झाली. आमची सभा कशी असते तुला ठाऊक आहे. गळणारं छप्पर, बाकांचा रंग, ऑर्गनचा अडकणारा सूर आणि शेवटी प्रार्थना. एकतीस वर्षं मी हेच करतोय आणि मला ते आवडतं. पाळकसाहेबांनी छपराचा कागद अलगद बाजूला सारला. "आधी एक विचारतो. गेल्या महिन्यात मंडळीबाहेरच्या कुणाशी प्रभूविषयी बोललात?"

आम्ही पाच जण. पाचही जण छपराकडे पाहू लागलो.

"उपदेश मी करीन," ते म्हणाले, "पण पंच जे करत नाहीत ते मंडळी करत नाही. मला लोकांना हाकायचं नाहीये. तुम्ही निघालात की ते निघतील." मग प्रत्येकाच्या हातात एकेक कोरा कागद. दर महिन्याला एका भेटीबद्दल लिहायचं. कोणाला भेटलो, काय बोललो, काय झालं. भेटलेल्याचं नाव घालायचं नाही. त्याला नाव दिलंय 'भेटीचं पान'.

ताई, हे सरळ नाही. सुवार्ता सांगायला कोण नको म्हणेल? गोम तिथेच आहे. नाही म्हणता येणार नाही असं काहीतरी मागायचं, कोऱ्या पानांचा गठ्ठा वर कार्यालयात पाठवायचा आणि म्हाताऱ्यांना घरी बसवायचं. मुलांना कविता पाठ करायला सांगून मीही अशीच पकडत असे, म्हणून मला हा डाव ओळखू येतो.

एरवी ठीक. दुपारी चारला बाइंडरच्या दुकानात जाऊन बसतो. माझी जुनी क्रमिक पुस्तकं तो एकेक करून बांधून देतोय. तो शिवतो, मी त्याला सातवीच्या कविता म्हणून दाखवतो, तो म्हणतो "जरा सरक, उजेड अडतोय." ही गेल्यापासून माझ्या दिवसात एवढी एकच खिडकी आहे. पंचपद गेलं तर जाईल, पण ही चारची वेळ गेली तर मी काय करीन, कोण जाणे.

तुझा,
धाकटा

&nbsp;

ता. ११ जानेवारी

चि. धाकट्यास,
(एकाहत्तरी उलटली तरी तू चिरंजीवच.) अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. पाळक झिजलेल्या बुटांचा आहे म्हणजे चालतो. बसून कट करणाऱ्यांचे बूट झिजत नाहीत.

तुला राग कशाचा आलाय ते मी सांगते. त्याने प्रश्न विचारला आणि तुझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नसतं. अठ्ठावीस वर्षं वॉर्डात मेट्रन होते, शेकडो माणसं हाताखालून गेली. किती जणांना मी म्हटलं असेल, "मी तुमच्यासाठी प्रार्थना करू का?" दहाही नसतील. भीती वाटायची. काही जण हो म्हणाले, एकाने "नर्सबाई, आधी बेडपॅन आणा" म्हटलं. मी आणलं आणि मग प्रार्थना केली. तोही आमेन म्हणाला.

तर सरळ एखाद्याकडे जा. काही जमलं नाही तर 'जमलं नाही' असं लिही. त्याला एक ओळ पुरते.

आणि एक. तू पान 'रंगवायला' बसू नकोस. मला तू माहीत आहेस.

ताई

&nbsp;

ता. ९ फेब्रुवारी

प्रिय ताई,
सप्रेम सलाम.

उशीर झाला, रागावू नकोस. महिना धावपळीचा गेला.

काल सभा झाली. माझं पान सगळ्यांत शेवटी वाचलं गेलं. दंतवैद्यांनी चष्मा पुसला. पाळकसाहेबांनी माझा हात धरला. मग हळूच विचारलं, "कसा आहे तुमचा तो मित्र?" ताई, हा प्रश्न साधा नव्हता. तपास होता तो. मी म्हटलं, "बरा आहे." त्यांनी वहीत काहीतरी टिपलं.

पान तुझ्यासाठी उतरवून पाठवतोय. कसं वाटलं ते कळव.

*"मावळत्या उजेडात तो आपल्या कामात गढला होता. हातांनी कष्ट करणारा माझा जुना मित्र. सुईने चिरलेला त्याचा अंगठा थरथरत होता. मी हळुवार स्वरात विचारले, 'सख्या, मन का उदास?' तो म्हणाला, 'माझ्या अंतरीचा दीप विझला आहे. पोटचा पुत्र दुरावला, पाच वर्षांत त्याचे एक अक्षर नाही.' मग मी त्याला उधळ्या पुत्राचा दाखला सांगितला. वाट पाहणाऱ्या त्या बापाची गोष्ट ऐकताच त्याच्या डोळ्यांतून धारा वाहू लागल्या. माझ्या खांद्यावर मस्तक टेकून तो म्हणाला, 'इतकी वर्षे हे मला कोणी का सांगितले नाही?' खिडकीबाहेर पहिली चांदणी उगवत होती."*

चांदणीची ओळ जरा जास्त झाली का?

धाकटा

&nbsp;

ता. १५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

पान वाचलं. तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा बोटांनी ताल धरला आणि मधला भाग कवितेसारखा बरोबर तालात बसला.

वॉर्डात रात्रपाळीच्या मुली कधीकधी ताप न मोजताच तक्ता भरायच्या. मला ते लगेच कळायचं. खरा ताप वेडावाकडा चढतो. न मोजलेल्या तापाची रेघ फार देखणी असते.

तुझ्या बाइंडरला मी दोनदा भेटलेय. पहिल्यांदा तो मला म्हणाला, "बसा." दुसऱ्यांदा म्हणाला, "बसा ना." हा माणूस 'अंतरीचा दीप' म्हणाला?

आता खरं विचारते. त्याचा मुलगा घर सोडून गेलाय हे मला तुझ्या पानातून पहिल्यांदा कळलं. हे तुला कधी सांगितलं त्याने? सगळ्या गावाला ठाऊक आहे, की फक्त तुला? फक्त तुलाच असेल तर पुढच्या सभेच्या आधी ते पान मागून घे. तू पाळकावर डोळा ठेवून बसलायस आणि बाइंडरला गमावशील.

चांदणीचं म्हणशील तर, त्याच्या दुकानाच्या खिडकीसमोर भिंत आहे. मी पाहिलीय.

ताई

&nbsp;

ता. १० मार्च

प्रिय ताई,

तू पूर्वीपासून अशीच. मी कागदाची नाव केली की तू ती उलटी करून पाहायचीस, कुठून पाणी शिरेल ते.

हो, मी जरा सजवलं. मी काही भेटीला गेलो नव्हतो, नेहमीसारखा चारला गेलो होतो. पण पान कोरं दिलं असतं तर? मी स्वतःला वाचवलं, इतकंच. आणि कुणाचं नाव तर घातलं नाही ना? मुलाचं त्याने मला एकदाच सांगितलं होतं, भिंतीकडे तोंड करून, खळ ढवळता ढवळता. मी काहीच बोललो नव्हतो. बोलायला हवं होतं हे मलाही कळत होतं, म्हणून तर पानावर बोललो. कविता लिहिणारे दुसरं काय करतात?

जानेवारीचं पान महिनाअखेरीस असंच रचून दिलं होतं, तुला पाठवलं ते फेब्रुवारीचं, आणि काल मार्चचंही दिलं. त्यात तो प्रार्थना करायला शिकला.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. काल सभा संपल्यावर पाळकसाहेबांनी तिन्ही महिन्यांची, सगळ्यांची पानं गोळा केली. पंधरा पानं. मी विचारलं, "कुठे नेताय?" हसून म्हणाले, "आठ दिवसांत कळेल." आज दंतवैद्यांनी त्यांना बाइंडरच्या गल्लीत शिरताना पाहिलं. आता तूच सांग, मी संशयी आहे? माणूस खातरजमा करायला गेला! म्हणून ठरवलंय, पंधरा दिवस तिकडे फिरकायचं नाही. मी तिथे दिसलो नाही तर त्यांना दुवा लागायचा नाही.

चार वाजले की पाय आपोआप चपलांकडे जातात. मग परत येऊन बसतो.

धाकटा

&nbsp;

ता. १९ मार्च

मास्तर यांस,

आपल्या मंडळीच्या पाळकांनी दिलेले पंधरा पानांचे काम तयार आहे. बांधायचे पान मी वाचत नाही हे आपणांस माहीत आहे. वाचू लागलो तर उपाशी मरेन. या वेळी अक्षर ओळखीचे वाटले म्हणून वाचले.

माझ्या आठवणीप्रमाणे मी रडलो नव्हतो.

आपली स्वतःची तीन पुस्तकेही बांधून तयार आहेत. तीही घेऊन जावीत, म्हणजे आपले इथे काही राहणार नाही.

बाइंडर

&nbsp;

ता. २१ मार्च

ताई,

त्याचं कार्ड सोबत जोडलंय. 'आपण' म्हणालाय मला. तीस वर्षांत पहिल्यांदा.

मी गेलो. तो उभाच होता. पुस्तकं सुतळीने बांधून फळीवर ठेवलेली. मी म्हटलं, "ऐक तरी." तो म्हणाला, "ऐकतोच तर आलोय. आता तू सांग, तीस वर्षं इथे काय करत होतास?"

"बसत होतो."

"बसत होतास की टपून बसत होतास? तुझी बायको आजारी होती तेव्हा मी रोज येत होतो. दवाखान्यात डबा घेऊन कोण जायचं? तेव्हाही मनात लिहीत होतास का, आज इतका मऊ झाला, उद्या आणखी होईल?"

मी शपथेवर सांगितलं की तुला मंडळीत ओढून न्यायचा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही, एकदाही नाही. वाटलं, हे ऐकून तो निवळेल. तो म्हणाला, "मग तर आणखीच वाईट. म्हणजे तुला मी नको होतो. माझी गोष्ट तेवढी हवी होती."

ताई, एवढ्या वर्षांत मला असं कुणी वाचलं नव्हतं.

आणि पाळकांचा डाव? डाव नव्हताच. आजूबाजूच्या बारा मंडळ्यांच्या पंचांचा मेळावा आहे, २९ तारखेला. तिथल्या लोकांना धीर यावा म्हणून ही पानं बांधून त्यातलं एक वाचून दाखवायचं आहे. बाइंडरला त्यांनी तसं मोठ्या कौतुकाने सांगितलं. माझं पान सगळ्यांत वर लावलंय आणि बांधलेलं पुस्तक पाळकांनी नेलंसुद्धा. त्याच्या मुलाचं दुःख, जे त्याने भिंतीकडे तोंड करून सांगितलं, ते बारा मंडळ्यांसमोर वाचलं जाणार. मुलगा कुठे असतो ठाऊक नाही. त्या बारांतल्याच एका गावात असला तर?

मी खोटं लिहिलं असं म्हणावं तर एकतीस वर्षं पाण्यात. दंतवैद्य तर वाटच पाहतायत. म्हणतील, झालं, बंद करा ही पानं. गप्प बसावं तर बाइंडर गेला. काही सुचत नाही.

धाकटा

&nbsp;

ता. २४ मार्च

धाकट्या,

सुचायचं काय आहे त्यात? आधी पान काढ. रडायचं नंतर.

आणि बाइंडरकडे गेलास तर तुझी ती जुळणारी वाक्यं घरी ठेवून जा.

ताई

&nbsp;

ता. २८ मार्च

प्रिय ताई,
सप्रेम सलाम.

तुझं कार्ड आलं त्याच दिवशी पाळकसाहेबांच्या खोलीवर गेलो. सगळ्या पंचांना बोलवा म्हटलं. एकेकाला वेगळं सांगायचं धैर्य नव्हतं. एकदाच काय ते होऊन जाऊ दे. लहानशी खोली आहे, एक टेबल, पाच खुर्च्या, मी उभा. म्हटलं, "माझी तिन्ही पानं खोटी आहेत. माणूस खरा आहे, दुःख खरं आहे, बाकी मी रचलं. आणि ते दुःख सांगायचा मला अधिकार नव्हता."

पाळकसाहेबांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं. मग त्यांनी बाकीच्यांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. दंतवैद्य खाकरले. "माझंही तसं... म्हणजे बोललो मी, पण पेशंटचं तोंड तेव्हा उघडं होतं. तो नाही म्हणूच शकत नव्हता." मला हसू आवरेना, ताई, त्या अवस्थेतही. मग तिसरा बोलला, मग चौथा. राहिले केमिस्ट. ते म्हणाले, "माझी खरी आहेत, पण छोटी आहेत." पाळकसाहेबांनी बांधलेलं पुस्तक उघडून त्यांचं जानेवारीचं पान काढलं. त्यावर एवढंच होतं: 'शेजाऱ्यांकडे गेलो. बेल वाजवली. कुणी नव्हतं. बरं वाटलं.' फेब्रुवारीचं: 'पुन्हा गेलो. होते. घाबरून हवापाण्यावर बोललो.' मार्चचं: 'त्यांनीच विचारलं, दर रविवारी कुठे जाता? सांगितलं.'

पाळकसाहेबांनी ती तीन पानं दोनदा वाचली. "मेळाव्यात हीच वाचतो," ते म्हणाले. केमिस्ट घाबरून म्हणाले, "लोक हसतील हो." "हसू देत. हसले म्हणजे स्वतःचं आठवलं असेल." मग खिशातून निळी वही काढून माझ्या हातात दिली. मी इतके दिवस जिला भीत होतो त्या वहीत आमचं कुणाचं एक अक्षर नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या भेटी होत्या. 'दार लावलं.' 'चहा दिला, विषय बदलला.' 'मी जास्त बोललो.' 'तिचं ऐकायला हवं होतं.' पानंच्या पानं. दाराशी उभे राहून ते आदल्या दिवशीचं आठवून लिहायचे, इतकंच.

माझ्या पंचपदाचं मी विचारलं. "पान कोरं देता येईल असं मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "चूक माझीही आहे. पदाचं मेळाव्यानंतर पंच मिळून ठरवतील. आधी ते पुस्तक घेऊन जा आणि त्यातली गोष्ट ज्याची आहे त्याला परत करा."

काल चारला गेलो. बाइंडरने पुस्तक घेतलं. एक पान ओढून काढता येत नाही, ताई. शिवण पाठीतून सगळ्यांतून जाते, म्हणून त्याने पाठ सोडवली, दोरे कापले, पंधराही पानं सुटी केली. माझी तीन बाजूला काढून माझ्यापुढे ठेवली. मी ती तिथेच फाडली. तो उरलेली बारा जुळवून पुन्हा शिवायला बसला. मी उभा होतो. जा म्हणाला नाही, बस म्हणाला नाही.

मी म्हटलं, "सगळ्यांसमोर सांगितलं, खोटं होतं म्हणून."

"कळलं. तुझे पाळक येऊन गेले सकाळी. माफी मागत होते. त्यांनी काय केलं होतं?" सुई आरपार काढत म्हणाला, "मास्तर, एक विचारतो. त्या पानावर तू मला जे काही सांगितलंस असं लिहिलंस, ते तुला खरं वाटतं का? की तेही यमकासाठी होतं?"

"खरं वाटतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

खूप वाक्यं आली तोंडाशी. सगळी देखणी. तुझी आठवण झाली म्हणून गिळली. म्हटलं, "तू हसशील असं वाटलं. आणि चारची ही वेळ जाईल असं वाटलं."

तो शिवत राहिला. मग मी सांगितलं, जसं आलं तसं. अडखळत. म्हटलं, ही गेली त्या सकाळी खोलीत मी एकटा होतो, आणि तरी एकटा नव्हतो. तिथे कोण होतं ते मला ठाऊक आहे. तेव्हापासून उठतो, जेवतो, झोपतो ते त्याच्या आधारावर. यापलीकडे मला धर्मातलं फार काही कळत नाही. एवढं बोलायला मला तीस वर्षं लागली आणि संपायला अर्धं मिनिट.

तो म्हणाला, "त्या सकाळी मी होतो तिथे."

"होतास."

"मग मीच असेन तो."

"नाही," मी म्हटलं. "तू साडेआठला आलास. ती सहाला गेली."

पहिल्यांदा त्याचे हात थांबले. चष्मा कपाळावर सरकवून त्याने माझ्याकडे पाहिलं. विश्वासाने नाही, ताई. आधी जसा संशय होता तसाच होता. पण संशयानेच का होईना, पाहिलं.

"सहा ते साडेआठ काय झालं?" त्याने विचारलं. मी तोंड उघडलं तसा हात वर केला. "थांब. हे कुठे लिहिणार असशील तर सांगूच नकोस. पानावर नाही, बहिणीला नाही, कुणाला नाही."

"नाही लिहिणार."

"मग सांग."

सांगितलं, ताई. सगळं सांगितलं. त्यावर तोही काही बोलला, बरंच बोलला. मी ऐकलं. दिवा लावायची वेळ झाली तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं की बारा पानांची शिवण अर्धीच राहिलीय. उद्याच्या मेळाव्याआधी, आजच, ती पुरी करायची आहे, म्हणून मी आता निघतो.

काय बोललो ते विचारू नकोस. तुलाही नाही सांगता यायचं.

तुझा,
धाकटा